थांबवलेली गाडी

१

गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली, आणि घोटाळा तिथूनच सुरू झाला.

पोलीस ठाण्याच्या आवारात, कडुलिंबाखाली ती उभी होती. मागचा भाग चेपून आत गेलेला, मागची काच नाही, पुढचा बंपर एका बाजूनं लोंबकळत. हवालदार अप्पाजींनी सहज म्हणून किल्ली फिरवली, तर इंजिन धडधडायला लागलं. जसं काही सकाळ झालीय आणि सुधींद्रला कोर्टात सोडायचंय.

अप्पाजींनी इंजिन बंद केलं. मग ते वेदश्रीकडे न बघता, कडुलिंबाकडे बघत म्हणाले, "अक्का, वाईट वाटून घेऊ नका. बंद पडलेली गाडी अशी चालू होत नाही. ही बंद पडली नव्हती. थांबवलेली होती."

वेदश्री तिथंच उभी राहिली. उशाखाली हात घेऊन झोपलं की सकाळी तो हात आपला वाटत नाही, तसं तिला सगळंच वाटत होतं. नवरा गेला त्या संध्याकाळपासून तिला रडू आलं नव्हतं. भूक लागली नव्हती. कॉलेजात जाऊन ती रसायनशास्त्राचे तास घेत होती आणि मुलं नेहमीपेक्षा शांत बसत होती, एवढंच.

घडलं होतं ते असं. तिचा नवरा सुधींद्र, धारवाडचा वकील, हुबळीहून परत येताना बायपासवर होता. दिवेलागणीची वेळ. त्याची छोटी डिझेलची गाडी रस्त्यातच उभी होती, दिवे बंद. मागून आलेल्या ट्रकला ती दिसली नाही. आणि सुधींद्र गाडीत नव्हताच. गाडीच्या पुढे उभा होता. धडकेनं गाडी पुढे ढकलली गेली.

"ट्रकवाला म्हणतो, दिवे घालवून माणूस गाडीपुढं कशाला उभा राहील? आता कागदावर काय लिहायचं ते आमचे साहेब ठरवतील," अप्पाजी म्हणाले. "पण लोक बोलतात ते कानावर येतंच ना, अक्का. वकीलसाहेब गप्प गप्प असायचे म्हणे."

गप्प असायचा, हे खरं होतं. त्याच्या एका अशिलाला जन्मठेप झाली होती. पोरगा निर्दोष आहे याची सुधींद्रला खात्री होती. त्या दिवसापासून तो घरात मोजकंच बोलायचा. फक्त सावनीशी, चार वर्षांच्या लेकीशी, पूर्वीसारखा खेळायचा.

प्रश्न सावनीचा होता. आज ना उद्या शाळेत कुणी तरी तिला सांगणार होतं, तुझे अप्पा आपणहून गेले. तुला सोडून. तेव्हा पोर घरी येऊन विचारेल, आणि आपण काय सांगणार?

"कागद किती दिवस थांबेल?" वेदश्रीनं विचारलं.

"सोमवारपर्यंत थांबवतो. त्यापुढं माझ्या हातात नाही."

"मग तोवर मी विचारून येते," ती म्हणाली.

"कुणाला?"

"ज्यांनी ज्यांनी या गाडीला हात लावलाय, त्यांना."

२

सप्तापूरच्या घरी सकाळची पूजा चालली होती. सासूबाईंनी, अंबूताईंनी, देवांचं अभिषेकाचं पाणी पंचपात्रात काढलं. देवांच्या अंगावरचं कुंकू उतरून ते गुलाबीसर झालं होतं. त्यात तुळशीची पानं आणि चिमूटभर कापूर. अंबूताई पळीपळीनं सगळ्यांच्या हातावर तीर्थ घालायच्या. घरातलं माणूस, आलेला पाहुणा, दूधवाला, कुणी सुटायचं नाही.

"सांडू नको गं सावे. पायाखाली आलं तर पाप लागतं."

"अप्पा पण असंच म्हणतात," सावनी म्हणाली, आणि बापासारखाच ओला हात डोक्यावरून फिरवला.

अंबूताईंच्या हातातली पळी तशीच थांबली. मग त्या वेदश्रीला म्हणाल्या, "तो गप्प झाला तेव्हापासून मी देवाचं वाढवलं होतं, बाई. जे आठवड्याला करायची ते रोज करायला लागले. तरी देवानं नाहीच ऐकलं."

वेदश्री हातावरचं तीर्थ प्यायली. पाण्यासारखं लागलं.

सावनी ओट्यावर बसून खेळण्यातल्या गाडीला चमच्यानं पाणी पाजत होती. "आ कर. शहाणी ना तू? आ कर." मग रोजचाच प्रश्न: "आई, माझी बदकाची बाटली कधी येणार? ती अप्पांच्या गाडीत राहिलीय."

"येईल हं."

पोलिसांनी दिलेली पिशवी वेदश्रीनं उघडलीच नव्हती. कपाटात, साड्यांच्या मागे ढकलून दिली होती. तिच्यात हात घालायला अजून तिचा हात तिचा नव्हता.

ती हुबळीला निघाली.

३

दुर्गदबैलच्या गल्लीत हातगाड्या आणि रिक्षा यांच्यामधून अंग चोरून गेलं की श्रीनिधीचं दुकान. सुधींद्रचा धाकटा भाऊ. गाड्यांचे सुटे भाग विकायचा. वहिनीला बघून तो गल्ल्यावरून उठला, गिऱ्हाइकाला कन्नडमध्ये नंतर ये म्हणाला, आणि स्टूल पुसून दिलं.

"वैनी, तू कशाला आलीस? मी आलो असतो की."

"दादांची गाडी चालता चालता कशानं बंद पडू शकते, सांग."

श्रीनिधीचं तोंड उतरलं. "ती बंद पडलीच नव्हती ना. अप्पाजी म्हणाले, एका किल्लीत..."

"पडली असं धर. कशानं?"

त्यानं फळीवरून एक जुना, काळवंडलेला डबा काढला. मुठीपेक्षा थोडा मोठा. "डिझेलच्या गाडीत पहिला संशय याच्यावर. हा फिल्टर. आणि हे ऐकायलाच आली असशील तर आधीच सांगतो, तुमच्या गाडीत बसवलेला फिल्टर माझ्या दुकानातला होता. अस्सल. सख्ख्या भावाला नकली माल विकत नाही मी."

"मी काही म्हटलं का?"

"तू नाही म्हटलंस. बाकीचे म्हणतात." त्यानं दुसरा, गिऱ्हाइकांना दाखवायला कापून ठेवलेला फिल्टर तिच्यापुढे ठेवला. आत चुण्याचुण्यांचा कागद गुंडाळलेला होता, पदराच्या निऱ्यांसारखा. "टाकीतलं डिझेल यातून गाळून इंजिनाकडे जातं. कचरा कागदात अडकतो. पाणी असलं तर ते डिझेलपेक्षा जड. ते या तळात बसतं."

"आणि साचत गेलं तर?"

"म्हणून खाली हा स्क्रू आहे. सर्व्हिसिंगला मेकॅनिक तो ढिला करतो, पाणी गळून जातं, परत आवळतो. ते नाही केलं, किंवा मध्येच पाणी फार झालं, की ते वर चढतं. मग इंजिनाला डिझेलच्या जागी पाणी मिळतं. दोन-चार आचके देते गाडी आणि थांबते."

"थांबली की संपलं?"

"संपलं कसं? खालून पाणी काढायचं. पण त्यात हवा शिरते. ती घालवायला वर हे बटण असतं, पंपासारखं. अंगठ्यानं दाबत राहायचं. आधी पोकळ लागतं, मग कडक होत जातं. कडक झालं की हवा गेली. मग मारायची किल्ली. दादाला मीच शिकवलं होतं हे." त्यानं कापलेला फिल्टर बाजूला सारला. "आणि हेही मीच सांगितलं होतं की असं करताना दिवे बंद ठेव, बॅटरी वाचव."

बाहेर कुणी तरी हमालाला शिव्या घालत होतं.

"श्रीनिधी, तुलाही वाटतं का, त्यांनी मुद्दाम..."

"एका किल्लीत चालू झाली म्हटल्यावर..." त्यानं तोंड ओंजळीत घेतलं. "मी काय समजू, वैनी? मी काय समजू?"

तो रडत होता. वेदश्रीला त्याचा हेवा वाटला. हाताला काही तरी करायला हवं म्हणून तिनं तो जुना फिल्टर उचलला आणि वरचं बटण अंगठ्यानं दाबलं. पुन्हा दाबलं. पुन्हा.

मग अंगठा उलटा करून बघितला.

अंगठ्याच्या पेरावर एक काळा, गोल शिक्का उठला होता.

इस्पितळात चादरीखालून सुधींद्रचा हात बाहेर आला होता. तिनं तो पदरानं पुसला होता. उजवा हात. अंगठ्यावरचा गोल काळा डाग काही केल्या जात नव्हता.

४

त्यांच्या नेहमीच्या मेकॅनिकच्या, लक्ष्मणच्या, विद्यानगरमधल्या गॅरेजात ठाण्यातून सोडलेली ती गाडी आता आणून ठेवली होती. लक्ष्मण खाली वाकून मागचं दार ठोकत होता. वेदश्रीला बघताच उठला, पण हातोडा खाली ठेवला नाही.

"अक्का, मी सांगतो ते ऐका. माझ्यावर काही घालू नका. फिल्टरचं पाणी मी दर वेळी काढतो. दर वेळी."

"मी फक्त विचारायला आलेय, लक्ष्मणअण्णा. किती पाणी निघायचं?"

तो घुटमळला. "जास्त निघायचं. दुसऱ्या गाड्यांत थेंब-दोन थेंब, यात चहाच्या पेल्याएवढं. मी साहेबांना म्हटलं, तुमच्या पंपाचं डिझेल चांगलं नाही, पंप बदला. त्यांनी बदलला. तरी पाणी तेवढंच. परत बदलला. तरी तेवढंच. मग मी म्हटलं, टाकीचं झाकण नीट बसत नसेल, पाऊस आत जात असेल. झाकण नवीन बसवलं."

"आणि मग?"

"मग दिवाळी झाली, पाऊस संपला, तरी पाणी होतंच." त्यानं खांदे उडवले. "पाणी कुठून येतं, देवाला माहीत."

वेदश्री गाडीच्या पुढे गेली. "पुढे काय काय केलंत?"

"बंपर. आणि बॉनेटची दांडी सरळ केली, मधोमध वाकली होती. मला जरा नवल वाटलं. बॉनेट बंद असलं की दांडी खाली आडवी, खाचेत बसलेली असते. तिला धक्का लागायचं काही कारण नाही."

"उघडं असलं तर?"

लक्ष्मणनं तिच्याकडे बघितलं. हळूच हातोडा खाली ठेवला. "उघडं असलं तर दांडी उभी. गाडीला मागून धडक बसली तर बॉनेट धाडकन खाली येणार, आणि दांडी... मधोमध वाकणार."

"फिल्टरचा स्क्रू?"

"हातानं आवळलेला होता. पान्यानं नाही. मी पान्यानं आवळतो. नोड्री अक्का, बघा ना," तो एकदम कळवळून म्हणाला, "कुणी विचारलंच नाही मला. गाडी माझ्याकडे आली तेव्हा लोकांचं सगळं ठरलेलं होतं. आणि मला वाटलं, स्क्रूचं सांगितलं तर मीच ढिला सोडला म्हणतील."

म्हणजे पाणी काढलं होतं. बटण दाबून हवाही घालवली होती. नाही तर ठाण्यात गाडी पहिल्या किल्लीला सुरू झालीच नसती. जिच्यामुळे सगळे म्हणाले की गाडी बंद पडलीच नव्हती, तीच गोष्ट सांगत होती की ती बंद पडली होती आणि कुणी तरी ती नीट केली होती. मरायला निघालेला माणूस हवा जाईपर्यंत बटण दाबत बसत नाही. सुधींद्रला घरी यायचं होतं.

हे तिला नीट कळलं. पण कळूनही आत काही हललं नाही.

जाता जाता तिनं विचारलं, "स्क्रू सोडला की पाणी कशात धरता?"

लक्ष्मणला प्रश्नच समजला नाही. "कशात म्हणजे? खाली सोडतो की. मातीत. घाण पाणी ते, कोण धरून ठेवतो?"

५

रविवारी दुपारी अंबूताई आणि सावनी जेवून झोपल्या होत्या. वेदश्रीनं कपाट उघडून साड्यांच्या मागची पिशवी ओढून काढली.

चष्मा. पाकीट. डिझेलच्या वासाचा रुमाल. आणि सगळ्यात खाली सावनीची बदकाची बाटली, झाकण घट्ट फिरवून लावलेली.

बाटली रिकामी नव्हती.

तिनं ती खिडकीत उजेडाला धरली. वर पिवळसर डिझेल. त्याखाली, आखून घेतल्यासारखी रेघ. आणि रेघेखाली, तळाशी, पाणी.

पाणी गुलाबी होतं.

वेदश्री खिडकीशी किती तरी वेळ बसून राहिली. मग, वर्गात मुलांना शिकवावं तशी, स्वतःशीच एकेक बाजूला काढू लागली. पंपवाल्यानं रॉकेल मिसळलं असतं तर वरच्या थराला रेशनच्या रॉकेलचा निळा रंग आला असता. तसा तो नाही. पावसाचं पाणी असतं तर त्याला रंग नसता. गंज असता तर तांबूस-तपकिरी, आणि तळाला गाळ. हा रंग गुलाबी. पाण्यात विरघळणारा, डिझेलमध्ये न विरघळणारा. तिनं देवघरातल्या कुंकवाची चिमूट पेल्यातल्या पाण्यात टाकली आणि ढवळली. कुंकू खाली बसलं. पाणी गुलाबी झालं. तसंच.

आणि दुसरा प्रश्न. जे पाणी कुणीही मातीत सोडून देतो, ते त्यानं धरून का ठेवलं? तेही लेकीच्या बाटलीत, झाकण लावून? रस्ता वाहता होता. अंधार पडत होता.

"माझी बाटली!" सावनी डोळे चोळत दारात उभी होती. "आई, त्यात तीर्थ आहे?"

वेदश्रीच्या हातातली बाटली गार लागली. "तीर्थ कसं असेल, सोन्या?"

"गाडीचं. अज्जी गाडीला देते ना." सावनी तिच्या मांडीवर येऊन बसली, झोपेनं गरम. "अप्पा आंघोळीला गेले की आम्ही जातो. मी आतला खटका ओढते, मग गाडी मागून आ करते. मग अज्जी झाकण काढते आणि पळीनं देते. आधी गुरुवारी द्यायचो. मग अप्पा बोलेनात ना, म्हणून रोज. अज्जी म्हणते, गाडी पण घरचीच. तिनं अप्पांना नीट आणायला पाहिजे." ती थांबली. "खटका कडक असतो. पण मला येतो."

वेदश्रीनं तिला छातीशी धरलं.

रस्त्यात, वाकून, त्यानं स्क्रू सोडला असणार. पहिली धार हातावर आली असणार, आणि त्यानं ती ओळखली असणार. लहानपणापासून रोज सकाळी हातावर घेतलेला रंग. आईचं तीर्थ. हुबळी-धारवाडच्या बायपासवर, जिथं दिवसभर टायर फिरतात, लोक थुंकतात, तिथं. त्याच्या हातून ते खाली सोडवलं नसणार. तो उठला, मागच्या सीटवरून बदकाची बाटली आणली, तिच्यात उरलेलं पाणी ओतून दिलं आणि थेंबन् थेंब त्या बाटलीत धरला. झाकण लावून बाटली परत सीटवर ठेवली. मग बटण दाबायला गेला.

त्यात किती वेळ गेला असेल? ट्रक यायला लागला तेवढाच.

घरी येऊन तो आईला ओरडला नसता. हसला असता बहुतेक, कित्येक दिवसांनी. किंवा काहीच न बोलता टाकीच्या झाकणाला कुलूप बसवून आणलं असतं.

"आई, तू मला फार घट्ट धरलंस," सावनी म्हणाली.

६

सोमवारी अप्पाजी हवालदारांपुढे लक्ष्मण आणि श्रीनिधी दोघंही उभे होते. लक्ष्मणनं दांडी आणि स्क्रूचं सांगितलं. श्रीनिधीनं फिल्टर टेबलावर ठेवून बटण दाबून दाखवलं, दिवे का बंद ठेवतात ते सांगितलं. वेदश्रीनं अंगठ्याचं सांगितलं. अप्पाजींनी स्वतः बटण दाबून बघितलं आणि आपल्या अंगठ्यावरच्या डागाकडे बघत राहिले.

"हौद, खरंय," ते शेवटी म्हणाले. "चूक माझी. चालू झाली म्हणून मी पुढं बघितलंच नाही." मग पेन उचललं. "बंद पडलेली गाडी दुरुस्त करत असताना. असं लिहायला सांगतो. पण अक्का, एक राहिलं. एवढं पाणी आलं कुठून?"

लक्ष्मण आणि श्रीनिधी दोघांनीही तिच्याकडे बघितलं.

"डिझेलमध्ये पाणी येतंच, साहेब," वेदश्री म्हणाली. "म्हणून तर फिल्टर असतो."

अप्पाजींनी थोडा वेळ वाट बघितली. मग मान हलवून लिहायला लागले.

गाडी दुरुस्त होऊन सप्तापूरला आली ती सकाळी. श्रीनिधी किल्ली ठेवून गेला. वेदश्रीनं आंघोळ केली, कॉलेजची साडी नेसली आणि बाहेर आली, तर अंगणात अंबूताई पंचपात्र घेऊन गाडीच्या मागे उभ्या होत्या. पुढचं दार उघडं होतं आणि सावनी अर्धी आत वाकली होती, खटक्याकडे हात लांबवून.

"थांब सावे," वेदश्री म्हणाली.

ती अंबूताईंच्या समोर जाऊन उभी राहिली. पळीतलं पाणी काठाशी हलत होतं.

"आता तू चालवणार ना गं ही? म्हणून म्हटलं..." अंबूताई अपराध्यासारख्या म्हणाल्या. "तुला सांगितलं नव्हतं कधी. हिलाही मी देते. घरचीच आहे."

वेदश्रीनं उजवा तळहात पुढे केला. "तिच्या वाट्याचं मला द्या, आई."

"तुला? तुझं झालं ना आत?"

"चालवणारी मी. तिला काय कळतंय? इथून पुढे तिचंही मीच घेत जाईन. रोज."

अंबूताईंनी तिच्याकडे निरखून बघितलं. पटल्यासारखं दिसलं. "हे बरं," त्या म्हणाल्या. "मला कसं सुचलं नाही?"

"आणि गाडी? तिला तहान लागेल ना," सावनीनं आतून विचारलं.

"तिला डिझेल लागतं, सोन्या. तेवढंच."

अंबूताईंनी पळी कलती केली. गुलाबी पाणी वेदश्रीच्या तळहातावर आलं. तिनं बोटं जुळवून घेतली, थेंबही खाली जाऊ दिला नाही, आणि प्यायली. ओला हात डोक्यावरून फिरवला, सुधींद्र फिरवायचा तसा.

कापूर होता. मागाहून तुळस, जराशी तिखट. कितीतरी दिवसांनी तिच्या जिभेला काही तरी कळलं होतं.